कमरेवरच्या डबीबद्दल

वरुड,
कोजागिरीनंतरचा रविवार

तीर्थरूप आई आणि बाबांना नमस्कार.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा पऱ्हाटीला बोंडं किती लागली एवढंच विचारून ठेवून दिला. म्हणून लिहितेय. बाबा, तुमच्यासाठी अक्षर मोठं काढलंय. आईने वाचून दाखवलं तरी चालेल, पण आई, मधलं गाळायचं नाही. तुझी सवय मला माहीत आहे.

मी इन्सुलिनचा पंप बसवून घेतला. दसऱ्याच्या आधीच, नागपूरला जाऊन. माझ्या नावची एफडी मोडली. हो, तीच.

विचारलं असतं तर बाबांनी नाही म्हटलं नसतं, हीच भीती होती. तुम्ही ‘एफडीला हात लावू नको, पांदणीकडचे दोन एकर काढू’ म्हणाला असता आणि मग मला आयुष्यभर त्या धुऱ्यावर उभं राहता आलं नसतं. वावर विकायचा विचार मनातही आणू नका. दर महिन्याचं सामान माझ्या पगारातून निघतं, मी दोन महिने वहीत मांडून पाहिलंय. तंग होतं, पण निघतं. एफडी लग्नासाठी होती हे मी विसरलेले नाही. लग्न करणार नाही असंही मी कुठे म्हटलंय? पण आई, जो कोणी येईल त्याला पहिल्याच दिवशी ही डबी दिसेल आणि ते बरंच आहे. मावशीकडे जे झालं ते पुन्हा नको.

एक गोष्ट लपवली होती. मागच्या पौषात मला रात्री जरा चक्कर आली होती. जरा म्हणजे, घरमालकीण काकूंनी दार वाजवलं तेव्हा मी पलंगाखाली बसलेली होते आणि त्यांना ओळखत नव्हते. शुगर ३८ पर्यंत उतरली होती. गिळता येत होतं म्हणून काकूंनी साखरेचं पाणी पाजलं, सकाळी मी शाळेतही गेले. झालं ते एवढंच. पण त्या रात्रीपासून मी झोपताना मुद्दाम शुगर चढती ठेवायला लागले, दोनशे-सव्वादोनशे. भीतीपोटी. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट पाहिला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आता हे यंत्र काय करतं ते सांगते. बाबा, तुम्हाला ठिबक समजतं, मग हेही समजेल. पूर्वी आपण पाटाने पाणी द्यायचो, सकाळी एक लोंढा, रात्री एक लोंढा. हे ठिबक आहे. डबीत इन्सुलिन भरलेलं असतं, बारीक नळी पोटावर चिकटवलेल्या रुपयाएवढ्या चकतीत जाते आणि दिवसरात्र थेंब थेंब पडत राहतं. जेवताना किती खाणार ते मी सांगायचं, तेवढं जास्तीचं ते सोडतं. दंडावर एक सेन्सर आहे, तो दर पाच मिनिटांनी आकडा पाठवतो. शुगर उतरायला लागली की पंप आपला आपण थांबतो. वेचणीला आले तर तासभर आधी धार कमी करून ठेवता येते, म्हणजे वेचताना चक्कर नाही.

दुखत नाही. चकती बसवताना ‘टक’ होतं, मुंगी चावल्यासारखं, तेही तीन दिवसांतून एकदा. नऊ वर्षांची होते तेव्हापासूनचा हिशोब केला, आधी रोज दोन, मग रोज चार, वीस हजारांवर सुया झाल्या. त्यातल्या पहिल्या कितीतरी बाबांनी दिल्या. दवाखान्यातल्या सिस्टरने तुम्हाला संत्र्यावर टोचून शिकवलं होतं आणि तुम्ही घरी येऊन अख्खी टोपली टोचली होती, आठवतं? हात थरथरत होता, तरी मला म्हणालात, संत्र्याला विचार, दुखलं का. आता मी संत्र्यांच्याच गावात राहते. आंबियाची तोड सुरू झाली, रस्त्यावर ढीग लागले की मला तीच टोपली दिसते.

परवा कोजागिरीला इथल्या शेजारच्या पोट्ट्यांनी भुलाबाई बसवली होती. झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखा म्हणाल्या. आपल्या घरचा खाऊ कधीच गोड नसायचा. गल्लीतल्या पोरी म्हणायच्या, हिच्याकडे काय ओळखायचं, फुटाणेच असतील. तू दरवर्षी फुटाणेच ठेवलेस, माझ्या एकटीसाठी सगळ्या गल्लीची बोलणी खाल्लीस. परवा मी मसाला दूध प्यायले, अर्धा ग्लास. ओढणीखाली दोन बटणं दाबली, कुणाला कळलंही नाही. दूध छान होतं. पण फुटाणे पाहिजे होते.

हे बरं होण्याचं औषध नाही, हेही सांगून ठेवते, नाहीतर तू नवस फेडायला निघशील. भाकर मोजावीच लागते. मागच्या वेळी तू हसलीस ना, ‘काऊन व, भाकर तोलून खाते का?’ तर तुझी एक भाकर साठ ग्रॅम पिठाची भरते, मी काट्यावर ठेवून पाहिलंय, आणि तिला मला चार युनिट लागतात. इतक्या वर्षांत तुझा हात दोन-तीन ग्रॅमही चुकत नाही. पुरणपोळीचं मात्र वेगळं. तुपामुळे साखर सावकाश चढते, म्हणून थोडं इन्सुलिन आधी आणि उरलेलं दोन तासांत हळूहळू सोडायचं. रोडग्यांचंही तसंच. दिवाळीत करशील ना?

आणि लाभ तेवढे सांगून तोटा लपवला असं नको. आधी रात्रीचं लांब टिकणारं इन्सुलिन अंगात असायचं, आता पंपात फक्त जलदवालं असतं. नळी दुमडली किंवा चकती सुटली तर काही तासांतच शुगर वर जाते. दुसऱ्याच आठवड्यात झालं. शाळेत पोटात ढवळायला लागलं, पाहते तर ३६०, आत नळी वाकलेली. इन्सुलिनच्या पेनने इंजेक्शन घेतलं, चकती बदलली, भरपूर पाणी प्यायले, संध्याकाळपर्यंत उतरली. म्हणून पेन नेहमी पिशवीत असतं. घाबरायचं नाही.

आता कामाचं. फ्रिजच्या दारात माझ्या लहानपणच्या लाल टोपणाच्या सिरिंजा अजून पडल्या आहेत. आजच फेकून द्या. त्या मिलीला चाळीस युनिटवाल्या बाटलीच्या आहेत आणि माझं आताचं इन्सुलिन मिलीला शंभर युनिटचं. घाईत कुणी त्या सिरिंजने भरलं तर अडीच पट जाईल. मी घरी असताना कधी शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, सरळ दवाखाना. ओल्या रेतीतला तुझा माठ मात्र भरून ठेव. दिवाळीत लाइन गेली तर जास्तीच्या बाटल्या त्यातच राहतील, पूर्वीसारख्या. बर्फाला चिकटवून ठेवायच्या नाहीत, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. बाबांचा मोतीबिंदू वेचणीनंतर नाही, वेचणीआधी. कापूस थांबतो. आई, बीपीची गोळी एक दिवसाआड घेऊन पुरवते आहेस, मला पाकिटावरून कळलं. असं करायचं नाही.

राहिलं ते एकच, आणि ते लिहायला जड जातंय. माझा आकडा बाबांच्या मोबाइलवर दिसेल अशी सोय आहे. मी ती केलेली नाही. मुद्दाम. रागावू नका. सतरा वर्षं आई पहाटे तीनला उठून माझ्या मानेवर हात फिरवायची, घाम आलाय का पाहायला. इथे एकटी असले तरी तीनला तो हात मला झोपेत जाणवतो, खरंच. मोबाइल दिला तर तुम्ही दोघं रात्रभर आकड्याकडे पाहत बसाल आणि ७५ दिसलं की पहिली एसटी पकडाल. उतरली तर पंप मला उठवतो, इतका कर्कश की पलीकडच्या खोलीतून काकू ओरडतात. तू झोप आता. मी रोज सकाळी सातला फोन करीन, फोन आला नाही तर काकूंना लावायचा, नंबर दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

आई, एक काम आहे तुझ्याकडे. साडीच्या आत पंप अडकवायला जागा नाही, विकतच्या पट्ट्याने ऑक्टोबरच्या या उन्हात कंबर सोलून निघते. मऊ सुती कापडाची एक पिशवी शिव. चार बोटं रुंद, एक वीत लांब, वर उघडी, एका कोपऱ्याला नळी बाहेर काढायला बारीक छिद्र. बंद दोन बोटं रुंद, नाडी नको. आजीच्या लुगड्याचा तुकडा ट्रंकेत उरला असेल तर तोच घे. दोन शिव, एक धुण्यात असते.

तुमची,
चिंगी