ओ पेअर आणि आया यांतला फरक

महोदय,

परदेशात मुलं सांभाळायला निघालेल्या मुलींसाठी हे कळकळीनं लिहिते आहे. ओ पेअर आणि आया ही दोन वेगळी कामं आहेत. ओ पेअर परदेशी कुटुंबात घरातल्या माणसासारखी राहून मुलं सांभाळते आणि भाषा शिकते. तिला पगार नाही, हातखर्च मिळतो. जर्मनीत तो महिना 280 युरो, काम आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास आणि विम्याचा खर्च यजमानांचा. अमेरिकेत मर्यादा 45 तासांची. आया मात्र रीतसर नोकरदार, तिचा व्हिसाही वेगळा.

व्हिसाची हमी देऊन आगाऊ पैसे मागणाऱ्यांना आणि पासपोर्ट स्वतःकडे ठेवू पाहणाऱ्यांना सरळ नकार द्या.

माझ्या भाचीला आलेल्या पहिल्या करारात कामाच्या तासांची जागा कोरी होती. ‘आल्यावर ठरवू’ म्हणे! तिनं सही केली नाही, याचा मला आजही अभिमान वाटतो. पुढच्या कुटुंबाशी व्हिडिओवर बोलणं चालू असताना चार वर्षांच्या मुलानं आपला मोडका ट्रक कॅमेऱ्यासमोर धरला. त्याच्या आईनं भाचीला मिळणारी खोली फिरून दाखवली, आधीच्या ओ पेअर मुलीचा नंबरही आपणहून दिला. भाचीनं त्या मुलीला फोन केला, तासभर बोलली आणि मगच होकार कळवला.

– एक वाचक