गुलाबी प्रेमकथेपलीकडची मालिका

कोरियन मालिका म्हणजे नुसत्या गुलाबी प्रेमकथा, असे म्हणणाऱ्यांनी २०१८ची ‘मिस्टर सनशाइन’ जरूर पाहावी. गुलाम म्हणून जन्मलेला, पुढे अमेरिकी मरीन दलाचा अधिकारी होऊन परतलेला युजीन आणि लपूनछपून बंदूक चालवणारी खानदानी एशिन यांचे प्रेम जपानच्या घशात चाललेल्या कोरियात फुलते. १९०७ मध्ये कोरियन सैन्य बरखास्त झाले आणि सामान्य माणसांनीही हत्यार उचलले. पत्रकार मॅकेन्झी यांनी तेव्हा टिपलेले या बंडखोरांचे छायाचित्र मालिकेत पुन्हा उभे केले आहे. रांगेत उभी माणसे, रोखलेल्या बंदुका आणि त्यांत चक्क कोवळी पोरे! तो प्रसंग पाहून गलबलून आले. सुरुवातीचे भाग संथ आहेत, पण मध्येच सोडू नका.

– एक वाचक, सातारा