शिबिराच्या अर्जात आजाराचा रकाना हवा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी जी. एन. एम. शिकलेली परिचारिका असून एरवी चंद्रपूर जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका लहान दवाखान्यात काम करते. गेली चार वर्षे मे महिन्यात दहा दिवसांची रजा घेऊन मी मुलांच्या निवासी उन्हाळी शिबिरात जाते. यंदाच्या शिबिरात ९ ते १४ वयोगटातील ८० मुले होती आणि त्यांच्या आरोग्याची जबाबदारी रात्रंदिवस माझ्या एकटीवर होती. तेथे आलेल्या एका अनुभवावरून पालक आणि आयोजक या दोघांनाही एक विनंती करावीशी वाटते.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी अकरा वर्षांची एक मुलगी दुपारी जेवणाच्या पंगतीतून उठून माझ्याकडे आली आणि पाय फार दुखतात म्हणून रडू लागली. आदल्या दिवशी टेकडीपर्यंतची पदयात्रा झाली होती, त्याच दिवशी सकाळी मुले तलावात पोहली होती आणि बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास होता. तिला घरची आठवण येत असेल, थोडा वेळ दुर्लक्ष करा, असे मला सांगण्यात आले. परंतु तिच्या डोळ्यांत पिवळसरपणा दिसला, म्हणून मी तिला जवळ बसवून हळूहळू विचारले, तेव्हा घरी रोज एक गोळी असते, पण आईने ती शिबिरात कोणाला दाखवू नको म्हणून सांगितले आहे, असे ती म्हणाली. बॅगेच्या तळाशी कपड्यांत गुंडाळलेली औषधाची पट्टी आणि सिकलसेलचे कार्ड सापडले. ती एस. एस. रुग्ण होती, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आल्याने तिला हा आनुवंशिक रक्ताचा आजार प्रत्यक्ष झालेला होता.

सिकलसेलमध्ये तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, ताप, अपुरी झोप आणि गार पाण्यात एकाएकी उतरणे यांमुळे असह्य वेदना सुरू होऊ शकतात, आणि यांतील ताप वगळता सर्व काही शिबिराच्या वेळापत्रकातच होते. मी तिला भरपूर पाणी पाजले, पाय उबदार कापडात गुंडाळले आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून ग्रामीण रुग्णालयात नेले. सलाइन आणि वेदनाशामक औषधांनंतर दुसऱ्या दिवशी तिला बरे वाटले. तिची आई आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली, "सिस्टर, लिहून दिलं असतं तर घेतलं असतं का हो तिला? अन् उद्या लग्नाच्या वेळी ही गोष्ट निघालीच असती." या माउलीवर मला राग धरता आला नाही.

सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यात ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी केली जाते. पूर्व विदर्भात हा आजार अनेक समाजांत आढळतो, त्यामुळे गावोगावी आशाताईंच्या मदतीने तपासणी होते आणि कार्डेही मिळतात. मात्र ते कार्ड बॅगेच्या तळाशी दडवावे लागत असेल, तर मुलासोबत राहणाऱ्या परिचारिकेला त्याचा काहीच उपयोग होत नाही. अपस्मार, दमा आणि मधुमेहाबाबतही मला हेच दिसले. मागील वर्षी एका मुलाचा दम्याचा पंप त्याच्या मित्राच्या बॅगेत होता आणि मध्यरात्री तो शोधण्यात गेलेली ती काही मिनिटे मी विसरू शकत नाही.

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे की नोंदणीच्या अर्जात आजार, चालू औषधे आणि ॲलर्जी यांसाठी एक पान असावे, त्यावरच "या माहितीमुळे प्रवेश नाकारला जाणार नाही" असे स्पष्ट छापावे आणि ते पान शिबिर सुरू होण्याच्या किमान आठवडाभर आधी बंद पाकिटातून केवळ परिचारिकेच्या हाती द्यावे. पालकांनी औषधे मूळ पट्टीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह पाठवावीत. मला आधी कळले असते, तर त्या मुलीला शिबिरातून वगळण्याची काहीच गरज नव्हती; तिची पदयात्रा पहाटे आणि थोडक्यात आटोपली असती, तलावाऐवजी तिला दुसरा खेळ मिळाला असता आणि दर तासाला पाणी प्यायली की नाही, हे मी पाहिले असते.

याच्या जोडीला, दुपारी १२ ते ४ या वेळेत मैदानावर कोणताही कार्यक्रम ठेवू नये आणि एखाद्या मुलाला विश्रांती द्यायची की नाही, याबाबत परिचारिकेचा शब्द शेवटचा मानावा. उष्माघातात मूल बरळू लागले किंवा शुद्ध हरपू लागली, की वरिष्ठांची परवानगी घेण्याइतकाही अवधी नसतो. अंग ताबडतोब पाण्याने गार करावे लागते आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी लागते. खिशात कांदा ठेवण्याची आपल्याकडची रीत मुले आवडीने पाळतात, त्याला माझी हरकत नाही, पण त्या भरवशावर कोणी उन्हात खेळू नये.

पुढील वर्षीच्या शिबिरांचे अर्ज छापले जाण्यापूर्वी हे पत्र आयोजकांच्या वाचनात यावे, यासाठी आपण ते प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका, जि. चंद्रपूर