बहात्तर हजारांचा जिग घ्यायचा, पण बघायचा कुठे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात घर सजवण्यावर कायम काहीतरी येतं, पण ते फर्निचर ज्या हत्यारांनी बनतं त्यावर कोणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं. विषय छोटा आहे, लाकडाचे सांधे यंत्राने कापताना माप धरून ठेवणारा जिग नावाचा सांगाडा, पण माझ्यासाठी गेले तीन महिने झोप उडवणारा आहे.

धायरीत माझं वर्कशॉप आहे, 12 बाय 20 चं पत्र्याचं शेड, मी आणि आमचे मिस्त्री असे दोघंच. सागवानात खणांची कपाटं बनवतो, बहुतेक सहा खणांची, वर्षाला आठ-नऊ होतात. खणाचे कोपरे आम्ही डोव्हटेलने जोडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारखे पुढे रुंद होत जाणारे दात कापायचे आणि दुसऱ्या फळीत बरोब्बर तेवढ्याच खाचा, मग दोन्ही एकमेकांत बसले की खण कितीही जोरात ओढा, पुढची फळी सुटून हातात येत नाही. खिळा नाही, स्क्रू नाही. आणि लाकूड पावसाळ्यात रुंदीत फुगतं ना, तर दोन्ही फळ्यांची शीर, म्हणजे लाकडाच्या रेषा, एकाच दिशेने कोपऱ्यावरून वळत असल्यामुळे दोन्ही बरोबरच फुगतात, सांधा फाकत नाही.

आता हेच काम राऊटरवर, म्हणजे फिरत्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या विजेच्या हातयंत्रावर, करायचा एक जिग मिळतो. कॅनडात बनतो, 24 इंच रुंद, आणि त्याची बोटं, म्हणजे राऊटरला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या, डावी-उजवीकडे सरकवता येतात, म्हणजे दात बारीक हवेत का रुंद, मध्ये अंतर किती, सगळं आपल्या मनाने. राऊटर माझ्याकडे आधीपासून आहे, हा नुसता त्याच्यासोबत लागणारा सांगाडा. मागवायचं भाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी सगळं धरून मला तो 72,000 ला पडतो. इथे बाजारात स्वस्तातले जिगही आहेत, मला एकाने बारा हजार सांगितले, पण त्यांची बोटं पक्की असतात, त्यामुळे खणाची उंची त्या बोटांच्या मापात बसवावी लागते, नाहीतर शेवटचा दात अर्धाच येतो आणि ते फार वाईट दिसतं हो. आमचे सहा खण खालून वर लहान लहान होत जातात, प्रत्येकाची उंची वेगळी, तेव्हा तो प्रश्नच मिटला.

मी हिशेब मांडला, वही घेऊन, खरंच. मिस्त्री एका खणाचे चारही कोपरे हाताने करायला तीन तास घेतात, सहा खणांचे झाले अठरा. जिगवर एकदा सेटिंग लावायला, चाचणीच्या फळ्या कापून बघायला अर्धा दिवस धरा, चार तास, मग खणामागे अर्धा तास, म्हणजे सगळे मिळून सात तास. अकरा तास वाचले. मिस्त्रींची हजेरी 1,200 रुपये, आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला 150, अकरा तासांचे 1,650. आता 72,000 ला 1,650 ने भागा, त्रेचाळीस-चव्वेचाळीस कपाटं येतात. वर्षाला नऊ धरली तरी पाच वर्षं नुसते पैसे फिटण्यात जाणार. यात बिटा, म्हणजे राऊटरची फिरणारी पाती, धरलेल्याच नाहीत. सागवानात सिलिका असतं, वाळूच म्हणा ना, ते धार खाऊन टाकतं. त्यात डोव्हटेलची बिट तळाला रुंद असल्यामुळे थोडं थोडं खोल जाता येत नाही, एकाच फेरीत पूर्ण खोली कापावी लागते, आणि बिट मध्येच वर उचलली तर फळीही गेली आणि जिगचं बोटही गेलं.

मिस्त्रींना दाखवलं. त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ पूर्ण बघितला, दोनदा बघितला, आणि म्हणाले, "ताई, काम चांगलं करतंय, पण ह्याला पटाशी येत नाही." पटाशी म्हणजे लाकूड तासायची छिन्नी, पण मला आधी कळलंच नाही काय म्हणायचंय, मग त्यांनी माझ्या आजीच्या पेटीचा खण काढून समोर ठेवला. ही पेटी कसब्यातल्या वाड्यातून आमच्याकडे आली, वाडा पडला तेव्हा. खणाचा कोपरा उजेडात धरला की फळीवर सुईने ओढल्यासारखी आखणीची रेघ अजून दिसते, कोणीतरी मापाला ओढलेली, आणि दोन दातांच्या मधली खाच इतकी निमुळती आहे की वरच्या टोकाला जेमतेम करवतीचं पातं जाईल. राऊटरच्या बिटेला तिथे जाताच येत नाही, तिच्या दांड्याची जाडी आडवी येते. मी तो खण पुढे-मागे हलवून बघितला, इतक्या वर्षांनी कोपरा जरासुद्धा हलत नाही.

पण मी मिस्त्रींच्या बाजूने लगेच झुकले असंही नाही. त्यांचं वय आता साठीला आलंय, खांदा दुखतो, वाकून तीन तास करवत-पटाशी चालवणं त्यांना किती दिवस जमणार हा विचार माझ्या मनात सारखा येतो, आणि नवीन मुलगा कोणी हे शिकायला येत नाही, येतो तो सनमायका चिकटवायला आणि टेलिस्कोपिक चॅनेल बसवायला. जिग असला तर पुढच्या मुलाला महिन्याभरात ठीकठाक कोपरा काढता येईल. हा मुद्दा माझ्या वहीत कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला कळेना, पण तो आहे, आणि मोठा आहे.

दुसरी भीती अनुभवातून आलेली. दोन वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक गाइड बुशचा सेट मागवला होता, गाइड बुश म्हणजे राऊटरच्या तळाला बसणारी, जिगच्या बोटांना टेकून चालणारी कडी, विकणाऱ्याने सांगितलं सगळ्या राऊटरना बसतो. आला तर इंचाच्या मापाचा, माझ्या राऊटरच्या तळाला भोकंच जुळेनात. परत घ्यायला तो तयार नव्हता. मग नऱ्ह्यात एका लेथवाल्याकडून मधली चकती करून घेतली, तीन आठवडे गेले, आणि बसवल्यावर बुश अर्धा मिलिमीटर एका बाजूला. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल तुम्हाला, पण राऊटर हातात जरा फिरला की काप सरकतो, एक दात घट्ट, पुढचा सैल, मी आठ सागवानी फळ्या वाया घालवल्या तेव्हा कुठे कारण सापडलं. या जिगलाही असाच गाइड बुश लागतो. त्याच्या पुस्तकातली बरीच मापं इंचात. माझ्या राऊटरवर तो बसेल का, चकती लागेल का, हे पैसे भरायच्या आधी मला कोण सांगणार?

आणि इथेच माझं खरं म्हणणं येतं. पुण्यात हे बघायचं कुठे? बोहरी आळीत मी चार दुकानं फिरले. एका ठिकाणी दुसऱ्या कंपनीचा तसलाच जिग होता, खोक्यात. म्हटलं उघडून दाखवा, तर म्हणे बिल केल्यावर उघडू. हजारभर रुपयांची साडी घेताना दुकानदार दहा साड्या गादीवर उलगडून टाकतो आणि बहात्तर हजारांच्या हत्याराचं खोकं उघडायचं नाही? टिंबर मार्केटला लाकूड घ्यायला जाते तिथे भेटणाऱ्या सुतारांना विचारलं, कोणी वापरलेला नाही, ऐकून मात्र सगळ्यांना माहीत.

माझी दुकानदारांना मनापासून विनंती आहे, महिन्यातून एक रविवार ठेवा, एक जिग उघडा काढा, एक राऊटर लावा, लोकांना आपापली फळी घेऊन येऊ द्या. मी त्या तासाचे पैसे द्यायला तयार आहे. औंधच्या आयटीआयसारख्या सरकारी संस्थेत संध्याकाळी दोन तास असं काही सुरू करता आलं, महागडी जोडसाधनं भाड्याने तिथल्या तिथे वापरायला मिळाली, तर माझ्यासारख्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी प्रत्येकाने वेगळा जिग घ्यायची गरजच उरणार नाही. वर्षाला नऊ कपाटांसाठी मला तो आठ-नऊ दिवस लागणार, उरलेलं वर्ष तो फळीवर धूळ खाणार. ट्रॅक्टर, मळणी यंत्र शेतकरी भाड्याने घेतातच की.

तोपर्यंत मी काय केलं ते सांगते. जिग घेतला नाही. त्याऐवजी 6 आणि 12 मिलिमीटरच्या दोन चांगल्या पटाश्या घेतल्या, धार लावायचा दगड घेतला, आणि मिस्त्रींसाठी एक उंच बाक केला, हाताच्या कोपरापर्यंत येईल असा, म्हणजे करवत धरताना त्यांना वाकावं लागत नाही. सगळे मिळून नऊ हजार गेले. खांदा आता संध्याकाळी कमी दुखतो असं ते म्हणतात. खणाला अजून तीनच तास लागतात. गुरुवारी लाइट गेली तरी काम चालू राहतं हा एक फायदा.

पण प्रश्न मिटलेला नाही, दिवाळीनंतर अकरा कपाटांची एक ऑर्डर येतेय आणि सगळी एकाच मापाची, तिथे माझा सगळा हिशेब बदलतो, सेटिंग एकदाच लावायचं आणि सहासष्ट खण काढायचे. म्हणून तुमच्या पेपरातून विचारते, पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडात कोणाकडे बोटं सरकणारा डोव्हटेल जिग असेल आणि त्यांची हरकत नसेल, तर त्यांनी या पत्राला पेपरातूनच उत्तर द्यावं. मी आणि मिस्त्री एका रविवारी येऊ, सोबत आमच्याच सागवानाच्या दोन फळ्या आणि आमचा राऊटर घेऊन, बुश बसतो का तेवढं बघू.

आपली,
एक वाचक, धायरी, पुणे