वर्कशॉप सोडू नकोस

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कार्यक्रम वाढलेत, निम्मा महिना प्रवासात जातो, आणि चार जाणती माणसं सांगतायत की आता एक काय ते ठरव. वाजवायचं तर वाजव, वाद्यं करायची तर ती कर. मला विचारशील तर वर्कशॉप सोडू नकोस. ऑर्डरी कमी घे, गिटारसारखी चार तारांची ही छोटी युकुलेली वर्षाकाठी मोजकीच कर, पण रंधा हातातून सुटू देऊ नकोस.

तू लिहिलंस ना, की नव्या टेनरची, त्या जरा मोठ्या मापाच्या युकुलेलीची, सी तार आधी घुमते आणि लगेच विझते? नुसत्या वादकाने तारा बदलून पाहिल्या असत्या आणि वाद्य बाजूला ठेवलं असतं. तू आरसा आत घालून ब्रिजखालच्या, म्हणजे तारा फळीला जिथे अडकवतात त्या तुकड्याखालच्या, आधाराच्या पट्ट्या तपासल्यास. शिवाय तू चौथी तार खालच्या सप्तकातल्या जीला लावतेस. नेहमीच्या जी-सी-ई-ए मध्ये ती तार सी आणि ईपेक्षाही उंच असते, त्यामुळे वाद्याच्या वरच्या फळीवर खालच्या स्वरांचा भार फारसा येत नाही. तुझ्या लावण्यात येतो. तेव्हा तुझ्या वाद्याची फळी जरा मोकळी हवी, आणि ती किती मोकळी हे तुझ्या वाजवण्यातूनच कळणार.

सगळा जीव त्या वरच्या फळीत असतो गं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २ मिलिमीटरची फळी १.८ वर आली, की एक चतुर्थांशाहून जास्त ताठपणा गेला. डोळ्यांना फरक दिसतही नाही. जाड राहिली तर आवाज कोंडतो. फार पातळ झाली तर आवाज मोठा येतो पण टिकत नाही, आणि पुढे ब्रिजमागे फुगवटा धरतो. म्हणून शेवटी शेवटी प्रत्येक हात फिरवल्यावर थांब. कडेपासून थोडी आत चिमटीत धर, बोटाच्या पेराने ठोक, आडवी-उभी किंचित वाकवून बघ. जाडी वहीत लिहीतच जा, पण एका फळीचा आकडा दुसरीला जसाच्या तसा लावू नकोस. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यासुद्धा वेगळ्या बोलतात.

फ्रेटचंही, म्हणजे दांडीवरच्या त्या आडव्या धातूच्या पट्ट्यांचंही, तेच. तुझ्या टेनरची वाजणारी तार ४३० मिलिमीटर, म्हणजे फ्रेटसाठी ठरलेल्या १७.८१७ या आकड्याने भागून नटपासून, दांडीच्या वरच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून, पहिला फ्रेट २४.१३ वर. गणित कुणीही करेल. पण नटजवळ अर्धा मिलिमीटर चुकला तर जेवढा स्वर हलतो, त्याच्या दुप्पट तो बाराव्या फ्रेटपाशी हलतो. पियानोबरोबर वर चढून वाजवताना ज्याच्या कानाला हे बोचलेलं असतं, तो करवत वेगळ्या काळजीने धरतो.

हे वाद्य जन्मलंच मुळी कारागिरांच्या हातून. १८७९ मध्ये रेव्हन्सक्रॅग जहाज पोर्तुगालच्या मदेइरा बेटाहून हवाईतल्या होनोलुलूला आलं. त्यात मानुएल नुनेस, ऑगस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सान्तो हे तिघे लाकूडकाम करणारे होते. मदेइरातल्या छोट्या तंतुवाद्यांच्या धाटणीवर त्यांनी हवाईतल्या कोआ लाकडाची वाद्यं केली. हवाईचा राजा कालाकौआ याने ते वाद्य उचलून धरलं आणि दरबारात ते वाजू लागलं. घडवणारे आणि वाजवणारे तिथे एकमेकांच्या इतके जवळ होते, म्हणूनच ते तिथलंच होऊन गेलं, असं मला मनापासून वाटतं.

पैशांचं मात्र नीट बघ. ऑर्डरीचा ॲडव्हान्स वाद्य हातात दिल्याशिवाय आपला मानू नकोस. त्यातून लाकूड, तारा, खुंट्या घे आणि बाकीचा वेगळा ठेव. तारीख देताना दौऱ्याचे दिवस आधी वजा कर. दुरुस्तीची कामं घेत जा. दुसऱ्यांची वाद्यं उघडून जे शिकायला मिळतं ते कुठल्याच शिबिरात मिळत नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत पटाशीला हात लावू नकोस, तापलेल्या पाइपवर बाजूच्या पट्ट्या वाकवायला तर घेऊच नकोस. घासकाम करताना मास्क हवाच. लाकडाची धूळ फुप्फुसात साठते आणि तू गातेसही. प्रवासात केसमध्ये आर्द्रतेचं पाकीट ठेव. वर्कशॉपमध्ये ४५ ते ५५ टक्के आर्द्रता सांभाळायची आणि मग वाद्य एसी हॉलमध्ये रात्रभर उघडं ठेवायचं, याला अर्थ नाही.

सी तारेचं म्हणशील तर ब्रिजखालची आडवी पट्टी टोकांकडे थोडी उतरवून बघ, मधे हात लावू नकोस. आणि पुढच्या टेनरची फळी चिकटवण्याआधी ठोकून रेकॉर्ड कर, मला पाठव. सोबत जाडी लिही, मधली आणि कडेची दोन्ही.

तुझी,
आई