मुक्ताला सांग, झाडाची गोष्ट अशी आहे

स्टुटगार्ट,
८ जानेवारी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या लेकीचा, मुक्ताचा, प्रश्न अगदी रास्त आहे. येशू जन्मला बेथलेहेमला, तिकडे ऑलिव्ह आणि खजूर. मग नाताळला हे थंडीतलं फरचं झाड कुठून आलं? फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळं होता आलं असतं, पण हा विषय माझ्या किती जिव्हाळ्याचा आहे ते तू जाणतोस. म्हणून निवांत लिहायला बसलोय. तिला सगळं वाचून दाखव.

तिने शाळेत ऐकलेली मार्टिन ल्यूथरची, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथ सुरू करणाऱ्या जर्मन धर्मसुधारकाची, गोष्ट गोड आहे. रात्री रानातून घरी येताना फांद्यांआडून चांदण्या लुकलुकताना दिसल्या, म्हणून त्याने घरात झाड आणून त्याला मेणबत्त्या लावल्या, अशी ती गोष्ट. पण ल्यूथरच्या काळातला एकही कागद तिला दुजोरा देत नाही. १८४०च्या दशकात एका जर्मन चित्रकाराने ल्यूथर, त्याची बायकामुलं आणि मधोमध उजळलेलं झाड असं चित्र काढलं. ते घरोघरी पोचलं आणि लोकांच्या मनात तीच गोष्ट पक्की झाली. जर्मनीत ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या संत बोनिफासच्या गोष्टीचंही तसंच. आठव्या शतकात त्याने हेसे प्रांतात गाइस्मारजवळ लोक पूजत असलेला ओक तोडला, हे त्याच्या जुन्या चरित्रात आहे. पण तिथेच पुढे लिहिलंय की त्या लाकडातून प्रार्थनामंदिर उभं राहिलं. ओकच्या बुंध्यातून फरचं रोप उगवल्याची भर खूप नंतरची.

आता कागदावरचं सांगतो. इथून ऱ्हाईन नदी ओलांडली की फ्रान्सचा अल्सास प्रांत लागतो. तिथे सेलेस्टा नावाचं छोटं गाव आहे. आज फ्रान्समध्ये असलं तरी पाचशे वर्षांपूर्वी तिथला सगळा कारभार जर्मनमध्ये चाले. या गावच्या १५२१ सालच्या जमाखर्चाच्या वहीत एका ओळीची नोंद आहे: सेंट थॉमसच्या दिवशी, म्हणजे २१ डिसेंबरला, झाडांची राखण करण्यासाठी वनरक्षकांना चार शिलिंग. बस, एवढंच. ना संत, ना चमत्कार, ना राजा. पण राखण कधी करावी लागते? लोक झाडं तोडून नेत असतील तेव्हाच ना! म्हणजे १५२१च्या आधीपासूनच नाताळच्या तोंडावर लोक रानात शिरून झाडं घरी नेत होते आणि नगरपालिका त्याने हैराण झाली होती. ती वही तिथल्या जुन्या ग्रंथालयात जपून ठेवली आहे. मला तर कुठल्याही दंतकथेपेक्षा ही खर्चाची ओळ मोलाची वाटते. त्याच भागातल्या आमरश्वीर गावाने १५६१ मध्ये नियमच केला: प्रत्येक नागरिकाला एकच झाड, आणि तेही आठ बुटांच्या लांबीपेक्षा मोठं नको.

झाडच का, याचंही उत्तर मुक्ताला हवं असेल. २४ डिसेंबर हा पूर्वी आदाम-हव्वेचा दिवस मानत. त्या दिवसांत त्यांच्या कथेचं नाटक होई, आणि नाटकात स्वर्गातलं फळझाड लागे. ऐन हिवाळ्यात सफरचंदाच्या झाडाला पानही नसतं, तेव्हा हिरवं राहणारं फर आणून त्यालाच सफरचंदं बांधत. घरातल्या झाडाचं मूळ त्यातच असावं, असा अनेक अभ्यासकांचा कल आहे. मलाही ते पटतं, कारण १६०५ मध्ये स्ट्रासबर्गला आलेल्या एका प्रवाशाने जे टिपून ठेवलंय त्यात हीच सफरचंदं आहेत: लोक दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पिठाच्या पातळ चकत्या, सोनेरी वर्ख आणि साखरेचे पदार्थ लटकवतात. मेणबत्त्यांचा त्यात उल्लेख नाही.

पुढे १६४०च्या दशकात स्ट्रासबर्गच्याच कॅथेड्रलमधले धर्मोपदेशक योहान कोनराड डानहाउअर यावर चिडून लिहितात. लोक घरात झाड उभं करतात, त्याला बाहुल्या आणि साखर टांगतात आणि मग मुलांना ते हलवून लुटू देतात. ही प्रथा कुठून आली ते आपल्याला माहीत नाही, असंही त्यांनी प्रांजळपणे म्हटलंय. सुहास, इतक्या जवळून पाहणाऱ्या विद्वानालाही ती कुणी सुरू केली ते सांगता आलं नाही! ही प्रथा वरून कुणी दिलेली नव्हती. गावातल्या साध्या माणसांनी ती आपल्या मुलांसाठी रुजवली आणि नियम, दंड, उपदेश सगळ्यांना पुरून उरेपर्यंत टिकवली. मला मुक्ताला सांगायचंय ते हेच.

मेणबत्त्यांचा लेखी उल्लेख मग येतो तो १७०८ च्या एका पत्रात. चौदाव्या लुईची भावजय लिझेलोट फ्रेंच दरबारातून आपल्या लेकीला लिहिते की लहानपणी हॅनोव्हरला बॉक्सवुडची, म्हणजे बारमाही हिरव्या झुडपाची, झाडं मांडत आणि एकेका फांदीवर छोटी मेणबत्ती लावत. सासरी बसून काढलेली माहेरची आठवण ती.

काचेच्या गोळ्यांची हकिगत मात्र सविस्तर सांगतो, कारण तुझ्या लेकीला हातकाम आवडतं. इथे जर्मनीतच थ्युरिंगियाच्या डोंगरात लाउशा नावाचं गाव आहे, १५९७ पासून काचकामाचं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथले कारागीर झाडासाठी पोकळ गोळे फुंकू लागले. काचेची नळी ज्योतीवर धरून मऊ करायची, फिरवत फिरवत हलके फुंकायचं. फळाचा किंवा पक्ष्याचा आकार हवा असेल तर साच्यात फुंकायचं. मग आत चांदीचं द्रावण ओतून गोळा हलवायचा, की आतून आरशासारखा लेप बसतो. रंगात बुडवून तो खिळे ठोकलेल्या फळीवर उलटा सुकवायचा, उरलेली नळी कापायची आणि वर धातूची टोपी बसवायची. हे सगळं घरातल्या घरात चाले. पुरुष फुंकत, बायका चांदी भरत आणि रंगवत, पोरं टोप्या लावत. १८८०च्या दशकात अमेरिकेतल्या वूलवर्थ या दुकानदाराने हे गोळे मागवायला सुरुवात केली आणि गावाचा माल समुद्रापार गेला.

इंग्लंडच्या राणीचं नाव यात नेहमी निघतं. १८४८ मध्ये एका लंडनच्या साप्ताहिकाने व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं झाडाभोवतीचं चित्र छापलं आणि तिथे त्याची फॅशन आली, हे खरं. पण तिची आजी शार्लट हिने १८०० सालीच विंडसरला मुलांसाठी झाड मांडलं होतं. विजेचे दिवे १८८२ चे: एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरी ८० रंगीत बल्ब झाडाला गुंफले.

आता तुमच्या वसईचं. तिथे घरोघर गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, आधी आणि झाड नंतर, हे मुक्ताने बरोबर टिपलंय. झाडाची प्रथा बराच काळ प्रॉटेस्टंट घरांची मानली जाई. कॅथलिक घरांत मान गोठ्याचा. व्हॅटिकनच्या चौकात झाड पहिल्यांदा उभं राहिलं तेच १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात.

वसईतल्या घरांत ते केव्हा आलं, सुरूची फांदी आधी की दुकानातलं प्लास्टिकचं, हे मला कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. तुमच्या आळीतल्या आज्यांना ते पक्कं आठवत असेल. मुक्ताला वही घेऊन त्यांच्याकडे पाठव. साल, झाड कशाचं, कुणी आणलं, त्याला काय लटकवलं, सगळं उतरवून घेऊ दे, आणि मग मला पाठव. मी वाट पाहतोय.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला खूप खूप आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद