‘इम्पोर्टेड’ विरुद्ध ‘लोकल’ हा वादच चुकीचा

माननीय संपादक,

आपल्या पुरवणीतला लक्झरी गाड्यांवरचा लेख वाचला. परदेशातून तयार होऊन आलेली गाडी अस्सल आणि तेच मॉडेल स्थानिक कारखान्यात जोडले की दुय्यम, असा त्याचा एकूण सूर आहे. महागड्या गाड्यांची दुरुस्ती हेच माझे काम असल्याने हा समज किती खोल रुजला आहे, ते मला ठाऊक आहे. त्यामुळे ग्राहक भलतेच प्रश्न विचारत बसतो आणि विचारायचे ते राहून जातात.

बीएमडब्ल्यू एक्स-५ घ्या. नाव जर्मन, पण ती १९९९ पासून अमेरिकेतील साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्ग येथे बनते आणि तिथून जर्मनीलाही जाते. मर्सिडीजची एम-क्लास १९९७ मध्ये अलाबामातून बाहेर पडू लागली. म्हणजे या बाबतीत जर्मन ग्राहकाचीच गाडी ‘इम्पोर्टेड’! बीएमडब्ल्यूचा जर्मनीबाहेरचा पहिला कारखाना दक्षिण आफ्रिकेतील रॉसलिनचा. २०१५ मध्ये जे. डी. पॉवर या बाजार-संशोधन कंपनीच्या दर्जा पाहणीत त्याला प्लॅटिनम पुरस्कार मिळाला. कारखाना कोणत्या देशात आहे यावरून हातांचे कसब ठरत नाही.

अनेक देशांत पूर्ण तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवर आयात शुल्क कमी असते, म्हणून कंपन्या पेट्यांतून भाग आणून जुळणी करतात. इंजिन, गिअरबॉक्स बहुधा त्याच मूळ पुरवठादारांचे. महत्त्वाचे बोल्ट किती ताकदीने आवळले, याची नोंद संगणकात होते. जोडणीत फरक शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

फरक असतो तो गाडीत काय बसवले आणि काय वगळले, यात. एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी उभ्या करून पाहा. एकीच्या डॅशबोर्डवर बटणांची ओळ पूर्ण, दुसरीत मध्येच कोऱ्या प्लास्टिकच्या टोप्या. एकीला धक्के शोषणारे हवेचे एअर सस्पेन्शन, दुसरीला साध्या स्प्रिंगा. मागच्या प्रवाशांच्या बाजूच्या एअरबॅग, पुढच्या गाडीशी अंतर राखणारा रडार, सीटमधले मसाज, असे काहीही गळू शकते. मसाज गेला तर जाऊ द्या, पण एअरबॅग आणि रडार गळणे मला अजिबात मान्य नाही. युरो एनकॅप या युरोपातील सुरक्षा चाचणीत मिळालेले तारे हे युरोपात विकल्या जाणाऱ्या, ठरावीक सुरक्षासाधने असलेल्या गाडीचे असतात. साधने कमी केलेल्या गाडीच्या जाहिरातीत तेच तारे चमकवणे ही सरळसरळ दिशाभूल आहे.

उलट बाजूही तितकीच खरी. स्थानिक आवृत्तीची उंची तिथल्या रस्त्यांसाठी वाढवलेली असू शकते, एसी तिथल्या हवामानाला पुरणारा असतो. चीनसाठी बनणाऱ्या ऑडी ए-६ एलचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, मुद्दाम लांब केलेला आहे, कारण तिथे मालक बरेचदा मागे बसतो. याउलट खासगीरीत्या मागवलेल्या गाडीचे हेडलाइट कधी कधी चुकीच्या बाजूला झुकतात, समोरच्याचे डोळे दिपतात आणि अधिकृत सेवा केंद्र वॉरंटीला हात लावायला तयार नसते. अशी गाडी घेऊन हताश झालेले मालक मी पाहिले आहेत आणि त्यांना काय सांगावे हे खरेच सुचत नाही.

गाडीच्या १७ अक्षरी ओळख क्रमांकाची सुरुवात ‘डब्ल्यू’ने झाली की ती जर्मनीत बनली, असे विक्रेते छातीठोकपणे सांगतात. ते अक्षर जर्मनीला दिलेले आहे हे खरे, पण जर्मन कंपन्या आपला तो संकेत परदेशी कारखान्यांतल्या गाड्यांवरही वापरतात. तेव्हा नुसत्या त्या अक्षरावर विसंबून चालत नाही.

म्हणूनच माझी मागणी आहे की प्रत्येक लक्झरी गाडीसोबत कंपनीने एक तक्ता छापील द्यावा: गाडी कुठे जोडली, मूळ बाजारपेठेतल्या आवृत्तीपेक्षा काय वगळले, काय बदलले आणि सुरक्षा चाचणी नेमक्या कोणत्या आवृत्तीची झाली. कंपनीकडे ही माहिती असतेच. तक्ता मिळेपर्यंत ग्राहकाने बुकिंगची रक्कम भरू नये आणि आपल्या दैनिकानेही गाड्यांच्या परीक्षणात हा तपशील छापावा.

– एक वाचक